तीन औषधे, एक पाकीट

कुष्ठरोगाचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा सेवेचा इतिहास सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला उभारलेले कुष्ठधाम, सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केलेली परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी वसवलेले आनंदवन, ह्या कथा मराठी वाचकांच्या मनात घर करून आहेत. परंतु ज्या वस्तूने ह्या रोगाला अखेर वेसण घातली ती अगदी साधी आहे. ती म्हणजे एका महिन्याच्या गोळ्यांचे चंदेरी पाकीट. त्या पाकिटाच्या मागे रसायनशास्त्राचा जेवढा इतिहास आहे, तेवढाच माणसांनी माणसांशी नीट बोलण्याचाही आहे.

१८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे आर्मोअर हान्सेन ह्यांनी ह्या रोगाचा जंतू पाहिला. पाप, शाप आणि रक्तदोष ह्या कल्पनांना शास्त्राने त्याच दिवशी रजा दिली; समाजाने मात्र दिली नाही. औषध म्हणून पुढे कित्येक वर्षे कडू कवठाच्या जातीच्या बियांचे तेल टोचत असत. ती सुई रोग्याला नकोशी होई आणि गुण बेताचाच येई. १९४१ साली अमेरिकेत कार्व्हिल येथील रुग्णालयात डॉ. फॅजे ह्यांनी सल्फोन जातीचे औषध वापरून पाहिले आणि रोगी खरोखरच सुधारू लागले. त्याच कुळातील डॅप्सोन हे मूळ द्रव्य १९०८ सालीच तयार झालेले होते. ते स्वस्त होते, त्याची गोळी करता येत होती आणि खेड्यापाड्यांत वाटता येत होती. आपल्याकडे डॉ. कॉक्रेन ह्यांनी चेंगलपट्टू येथे त्याचा उपयोग करून दाखवला.

ह्या गोळीच्या जोरावरच वर्ध्यात एक नवी कार्यपद्धती उदयाला आली. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वर्देकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ह्या तीन गोष्टी एकत्र गुंफल्या. रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही, कार्यकर्त्यानेच घरोघर जायचे. अंगावरचा बधिर चट्टा शोधायचा, घरच्यांची समजूत घालायची आणि गोळी द्यायची. भारत सरकारने १९५५ साली जो कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला, त्यातही हीच दृष्टी पुढे रुजली.

सारे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच पायाखालची वाळू सरकू लागली होती. डॅप्सोनने जंतूंची वाढ थांबते, पण ते मरतात फार सावकाश. म्हणून जास्त जंतू असलेल्या रोग्याला ती गोळी वर्षानुवर्षे, बहुधा जन्मभर, घ्यावी लागे. आता विचार करा: चट्टे पुसट झाले, दुखणेखुपणे काही नाही, शेतात कामाची घाई आहे, अशा माणसाने दहाव्या वर्षीही रोज गोळी गिळावी ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून होती काय? कार्यकर्ता वहीत 'गोळ्या दिल्या' असे लिही. पण त्या पोटात गेल्या की फडताळात राहिल्या, हे वहीला कळत नसे.

जंतूंना मात्र कळे. हा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यावर वाढत नसल्यामुळे, औषध निकामी झाले की रोग्याने घेतले नाही, हे ठरवणेच अशक्य होते. १९६० साली शेपर्ड ह्यांनी उंदराच्या तळपायात तो वाढवून दाखवला आणि कसोटी हाती आली. १९६४ साली मलायातील सुंगेई बुलो येथे पेटिट आणि रीस ह्यांनी त्याच कसोटीने सिद्ध केले की काही रोग्यांतील जंतू डॅप्सोनला दाद देत नाहीत. पुढे तर ज्यांनी डॅप्सोनची गोळी कधी पाहिलीही नव्हती अशा नव्या रोग्यांतही असे निर्ढावलेले जंतू सापडू लागले. एकुलते एक स्वस्त औषध हातातून निसटण्याची वेळ आली होती.

उपाय काय, हे क्षयरोगाने आधीच शिकवले होते. १९४८ च्या सुमारास एकट्या स्ट्रेप्टोमायसिनवर सुधारलेले क्षयरोगी काही महिन्यांनी पुन्हा ढासळू लागले. जोडीला दुसरे औषध देताच तो धोका पुष्कळ कमी झाला. ह्यामागचा हिशेब सोपा आहे. कोट्यवधी जंतूंत एखादाच जन्मतः एका औषधाला न जुमानणारा असतो. दोन निराळ्या औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू त्याहून कितीतरी पटीने दुर्मिळ. पहिल्याच्या हातून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडतो.

दुसरी दोन औषधे आली ती दूरदूरच्या वाटांनी. डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी ह्यांच्या चमूने क्षयरोगासाठी एक तांबडे द्रव्य तयार केले. क्षयावर त्याने निराशा केली, पण १९६२ साली नायजेरियात ब्राउन आणि होगरझाइल ह्यांना ते कुष्ठरोगावर गुणकारी आढळले. हेच क्लोफाझिमिन. रिफाम्पिसिनचा उगम फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मूठभर मातीत होता. त्या मातीतील सूक्ष्मजीवांपासून मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेने ह्या कुळातील पहिली औषधे मिळवली. १९७० साली कळले की हे औषध कुष्ठजंतूंना काही दिवसांतच मारते. अडचण एकच होती, ती किमतीची. रोज द्यायचे तर गरीब देशांना ते परवडले नसते.

मात्र हा जंतू फार आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. मग हे औषध रोज तरी का द्यावे? डॉ. यावलकर आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की महिन्यातून एकदा दिलेले रिफाम्पिसिन रोजच्या मात्रेच्या तोडीस उतरते. ऑक्टोबर १९८१ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने मासिक मात्रेचीच शिफारस केली होती. जास्त जंतूंच्या रोग्यांना तीन औषधे, कमी जंतूंच्या रोग्यांना दोन. रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा, तेही कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत. बाकीचे रोज घरी.

कागदावर हे नीटनेटके दिसते. पण आठवडी बाजाराच्या दिवशी भरलेल्या दवाखान्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. रांग लांब, कार्यकर्ता एक, सुट्या गोळ्या निरनिराळ्या डब्यांत. मोठ्यांची मात्रा वेगळी, मुलांची वेगळी, पहिल्या दिवसाची वेगळी आणि उरलेल्या दिवसांची वेगळी. सांगणारा घाईत, ऐकणारा संकोचलेला, आणि पुष्कळदा निरक्षर. जिनिव्हाचा निरोप ह्या टेबलापर्यंत येऊन नेमका शेवटच्या हातभर अंतरात हरवण्याची भीती होती.

ते अंतर पाकिटाने भरून काढले. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या एका पत्र्यावर ओळीने बसवल्या. पहिल्या दिवसाची मोठी मात्रा वेगळी, पुढचे सत्तावीस दिवस क्रमाने. मोठ्या माणसांसाठी तांबडे आणि हिरवे, मुलांसाठी पिवळे आणि निळे. रंग पाहिला की चूक टळते. अक्षर न येणाऱ्या बाईलाही फुटलेली आणि न फुटलेली घरे दिसतात. कार्यकर्त्यालाही, रिकामे पाकीट परत आले की, न विचारता बरेच कळते. तीन औषधांची जोड रसायनशास्त्रज्ञांनी घातली होती. औषध आणि निरोप ह्यांची जोड पाकिटाने घातली.

देशात बहुविध औषधोपचार ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला त्यांत वर्धा होता, ह्यात नवल नाही. घरोघर जाऊन बोलणारी माणसे तिथे आधीच तयार होती. १९८१ साली भारतात दर दहा हजारांमागे सुमारे ५७ रोगी होते. डिसेंबर २००५ पर्यंत ते प्रमाण एकाच्या खाली आले. १९९५ पासून ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत जगभर विनामूल्य मिळतात.

तरीही पाकिटाला तोंड नाही. क्लोफाझिमिनने कातडी काळपट तांबूस होते, आणि ती पुढे निवळते; हे आधी सांगितले नाही तर लोक विचारतील ह्या धास्तीने रोगी गोळीच टाकून देतो. मध्येच नसा सुजल्या तर उपचार थांबवायचे नाहीत, पण डॉक्टरांकडे तातडीने यायचे. बधिर पायाला रोज पाहायचे, चुलीपाशी हात जपायचा. हे सारे माणसानेच माणसाला, दोन घटका थांबून, सांगावे लागते. देशात अजूनही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रोगी सापडतात. औषध फुकट आहे, रोग पूर्ण बरा होतो. आणि तरीही कुणाची बोटे वाकडी होतात, ती बहुतेकदा औषध नव्हते म्हणून नव्हे, तर वेळेवर कुणी चट्टा पाहिला नाही, विचारले नाही, सांगितले नाही म्हणून. डॅप्सोन एकटे पडले तेव्हा हरले, हे आपण पाहिले. पाकीट एकटे पडले तर त्याचीही तीच गत होईल.