जुळलं, पण कशावरून? वैद्यकीय प्रतिमा जुळवण्याचा इतिहास

वर्तमानपत्रातला रंगीत फोटो कधीतरी नीट बघा. छपाईत एखादा रंग जरा सरकला, की लाल रंग ओठांच्या बाहेर आलेला दिसतो. रजिस्ट्रेशन बिघडलं, असं छापखान्यात म्हणतात. माझ्या पीएचडीच्या विषयातही हाच शब्द आहे: मेडिकल इमेज रजिस्ट्रेशन. इथे एकाच रुग्णाचे सीटी आणि एमआरआय स्कॅन एकमेकांवर बसवायचे असतात, आणि मग ते दोन्ही ऑपरेशन टेबलावरच्या प्रत्यक्ष रुग्णावर.

कवटीला छोटं भोक पाडून मेंदूतल्या गाठीपर्यंत सुई न्यायची असेल, तर सर्जनला आतलं काहीच दिसत नाही. भोक जितकं लहान, तितकी प्रतिमेवरची भिस्त मोठी. म्हणून या विषयाच्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: जुळलं, हे आपण कशावरून म्हणतो?

हाडावरून अंदाज

१९०८ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी माकडांच्या मेंदूवरच्या प्रयोगांसाठी एक चौकट मांडली. कानाची छिद्रं आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड हे संदर्भबिंदू धरायचे, आणि तिथून तीन दिशांना मोजून सुई आत न्यायची. गृहीतक असं, की बाहेरच्या हाडावरून आतली जागा कळते. माणसांत हे पुरेसं चालत नाही, कारण कवटी आणि आतल्या भागांचं नातं माणसागणिक बदलतं. १९४७ मध्ये फिलाडेल्फियात अर्न्स्ट स्पीगल आणि हेन्री वायसिस यांनी माणसासाठी चौकट वापरली, तेव्हा त्यांनी खुणा मेंदूच्या आतच शोधल्या. मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढला, की त्या पोकळ्या दिसत.

तीन ठिपक्यांची युक्ती

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला. आता गाठ थेट दिसू लागली. पण चित्रातला हा काप चौकटीच्या नेमक्या किती उंचीवरचा, हे कसं कळणार? १९७८ मध्ये युटा विद्यापीठातल्या रसेल ब्राउन या वैद्यकीय विद्यार्थ्याने सोपं उत्तर काढलं. चौकटीवर इंग्रजी 'एन' अक्षराच्या आकारात सळ्या बसवायच्या. सीटीच्या कापात प्रत्येक 'एन'चे तीन ठिपके उमटतात. काप जसजसा वर जातो, तसतसा तिरक्या सळीचा मधला ठिपका एका कडेकडे सरकतो. अंतरांच्या गुणोत्तरावरून उंची मिळते. असे तीन 'एन' म्हणजे तीन बिंदू, आणि तीन बिंदूंनी प्रतल ठरतं. शाळेतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही!

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ इथे डेव्हिड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी डोक्यावरची चौकटच काढून टाकली. ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकाची जागा ध्वनिलहरींनी मोजून त्यांनी ती सीटीशी जोडली.

चौकट नसेल, तर?

सीटीत हाड पांढरं दिसतं, एमआरआयमध्ये तेच काळं. त्यामुळे एका चित्रातून दुसरं वजा करून जुळणी तपासता येत नाही. १९९५ च्या सुमारास एमआयटीतले पॉल व्हायोला आणि विल्यम वेल्स, आणि बेल्जियममधल्या लूव्हेनचा एक गट, यांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. रंग सारखे नसेनात का. एका चित्रातल्या बिंदूची छटा कळल्यावर दुसऱ्या चित्रातल्या छटेबद्दल किती माहिती मिळते, ते मोजा. ही 'परस्पर माहिती' सर्वांत जास्त होईल, तिथे जुळणी. खुणा नकोत, चौकट नको, सगळं संगणक करणार.

पण मग बरोबर उत्तर कोणाकडे होतं?

मला या इतिहासातला सर्वांत आवडणारा प्रयोग इथे येतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठात मायकेल फिट्झपॅट्रिक, जे वेस्ट आणि सहकाऱ्यांकडे अशा रुग्णांचे स्कॅन होते, ज्यांच्या कवटीच्या हाडात शस्त्रक्रियेसाठी खुणेचे मार्कर बसवलेले होते. मार्करवरून त्यांनी खरी जुळणी काढली. मग प्रतिमांमधून मार्कर पुसून टाकले आणि त्या प्रतिमा वेगवेगळ्या संस्थांतल्या गटांना दिल्या. आपापली पद्धत वापरा आणि उत्तर पाठवा! उत्तरपत्रिका कोणालाच दिसत नव्हती. १९९७ मध्ये निष्कर्ष आले: संगणकी पद्धती बऱ्याचदा समाधानकारक जुळणी करतात, पण अधूनमधून मोठी चूक होते, म्हणून माणसाने डोळ्यांनी तपासणं आवश्यक आहे.

पडद्यावरचा आकडा

याच गटाने १९९८ मध्ये आणखी एक गोष्ट गणिताने दाखवली. मार्कर किती नीट जुळले ही एक चूक, आणि गाठीपाशी सुई किती चुकेल ही दुसरी. दार बिजागरीपाशी जरासं हललं तरी मोकळी कड वीतभर सरकते. तसंच मार्करपासून लक्ष्य जितकं दूर, तितकी वळणातली चूक मोठी होते. २००९ मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी सिद्ध केलं, की नेहमीच्या गृहीतकांखाली एकाच रुग्णातल्या या दोन चुकांमध्ये सहसंबंधच नसतो. म्हणजे मार्करच्या जुळणीचा पडद्यावरचा लहान आकडा बघून 'गाठीपाशीही नेम बरोबर' असं म्हणता येत नाही.

आणि हे सगळं मेंदू जागचा हलत नाही असं धरून. १९९८ मध्येच रॉबर्ट्स यांच्या गटाने २८ शस्त्रक्रियांमध्ये मोजलं: कवटी उघडल्यावर मेंदूचा पृष्ठभाग सरासरी १ सेंटीमीटर सरकला होता, आणि तो मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने. स्कॅन कालचा, मेंदू आत्ताचा. शस्त्रक्रियेदरम्यान अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय करून जुळणी नव्याने करायची गरज यातूनच आली.

तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल, तर या इतिहासातून एक सवय घ्या. पेपर वाचताना पद्धत समजून घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. यांनी कोणता आकडा कमी केला? आणि रुग्णाला कोणता आकडा लागतो? दोन्ही एकच असतील तर उत्तम. वेगळे असतील, तर मधल्या त्या फटीत तुमच्या प्रबंधाचा विषय असू शकतो. आणि उत्तर तपासायला व्हँडरबिल्टसारखे लपवलेले मार्कर कुठून आणायचे, याचा विचार पहिल्याच वर्षी करा.