निजामशाहीचा उन्हाळा आणि आजचे लोखंडी दार

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) निजामशाहीचा इतिहास आपल्याकडे बहुधा लढायांचाच सांगितला जातो. चांदबीबी, मलिक अंबर, किल्ल्याचा वेढा. पण ही माणसे नगरच्या उन्हाळ्यात राहत कशी होती, हे फारसे कोणी विचारत नाही.

त्याचे एक उत्तर फराहबागेत आजही उभे आहे. मुर्तझा निजामशाह पहिला याच्या काळात, १५८३ मध्ये हा महाल पुरा झाला. अष्टकोनी बांधणी, जाड भिंती, खोल कमानी, मध्ये उंच घुमटी दालन आणि चारही बाजूंनी पाणी. तळ्यावरून आलेला वारा कमानींतून आत शिरे, तापलेली हवा वर घुमटाकडे चढे. त्याआधी अहमद निजामशाहाने वसवलेल्या हश्त बेहिश्त बागेतही महाल पाण्यातच होता.

सामान्य माणसाकडे तळे नव्हते, दार मात्र होते. दख्खनच्या जुन्या वाड्यांत सागाच्या जाड फळ्यांचा मोठा दरवाजा असे आणि त्यातच एक छोटा दिंडी दरवाजा. रोजची ये-जा दिंडीतून चाले. मोठे दार बंद राही, म्हणून दुपारची झळ घरभर पसरत नसे. आत देवडी, तिला वळण, मग चौक. आपल्या घरांत या वळणाला आपण पडद्याची सोय म्हणतो. त्या वळणाने झळ आणि धूळही अडते, हे आपण विसरलो. अशी देवडी हिंदूंच्या वाड्यांतही होती. उन्हाला धर्म नसतो.

आज काय दिसते? जुने सागवानी दार भंगारात किंवा हौशी खरेदीदाराकडे जाते आणि त्या जागी पत्र्याचे दार बसते. चोरीची भीती खरी आहे, लाकूडही महागले आहे. पण लोखंडातून उष्णता लाकडापेक्षा शेकडो पटींनी सहज जाते. पश्चिमेकडे तोंड असलेले असे दार संध्याकाळपर्यंत तव्यासारखे तापते. मग कूलर येतो, पाठोपाठ एसी, आणि दाराखालच्या फटीतून गार हवा गल्लीत जाते. बिल आपण भरतो. दिवसभर घरात राबणाऱ्या बायका मात्र उकाडाही सोसतात.

नुसते दार बदलून घर थंड होणार नाही. छतातून येणारी उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. तरी दाराचे काम स्वस्तातले आहे. जुने लाकडी दार असेल तर विकू नका, दुरुस्त करा. नवे घ्यायचे तर भरीव लाकडाचे किंवा आत फोम भरलेले घ्या. फटींना रबरी पट्टी, बाहेर वाळ्याची ताटी किंवा चिक, संध्याकाळच्या वाऱ्यासाठी जाळीचे दुसरे दार.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. भिंती, खिडक्या, दारे यांतून किती उष्णता आत यावी, याचा हिशेब तिने मांडला. आपल्या गवंड्या-सुतारांनी तो आकड्यांशिवाय कधीच मांडला होता. त्यांच्या हातचे दार भंगारात देण्याआधी निदान एक उन्हाळा त्याच्या आड बसून पाहावे.