हा हुकूम कोणासाठी? दूरनियंत्रित रणगाड्यांची गोष्ट

श्रीगोंद्याकडच्या शाळेची सहल नगरला गेली, की रणगाड्यांचे संग्रहालय पाहिल्याशिवाय ती सहसा परतत नाही. लष्कराच्या आर्मर्ड कोअरने तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ साली हे संग्रहालय उभारले. जुन्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून आवडीच्या कारखान्यात बनलेल्या विजयंतापर्यंत अनेक गाड्या तेथे ओळीने उभ्या आहेत. मुले तोफेच्या नळीखाली उभी राहतात, पोलादी पट्ट्यांवरून हात फिरवतात आणि मग प्रश्न सुरू होतात. आत किती माणसे बसतात? सगळीकडून बंद असताना बाहेरचे दिसते कसे? आणि एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, हा रिमोटवर चालतो का?’

आपण हसून ‘नाही रे’ म्हणतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात खेळ व युद्ध हातात हात घालून चालले आहेत.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९०३ साली एक कथा लिहिली. तिच्यात खंदक ओलांडून जाणाऱ्या प्रचंड चिलखती गाड्या होत्या. त्यानंतर तेरा वर्षांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत खरे रणगाडे पहिल्यांदा उतरले. याच वेल्स यांनी १९१३ साली शिशाच्या सैनिकांनी खेळायच्या लढाईचे नियम सांगणारे एक छोटे पुस्तकही लिहिले. घरातल्या जमिनीवर किंवा बागेतल्या हिरवळीवर सैन्ये मांडायची आणि स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी मारायची. सैनिक आडवा पडला की मेला. खरे युद्ध किती बेहिशेबी आणि मूर्खपणाचे असते हे अशा खेळातून कळावे, अशी त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

वेल्स यांच्या बागेतला खेळ आज वेगळ्या रूपात चालतो. जपान, युरोप, अमेरिका येथे अनेक छंदमंडळांचे सभासद सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानात जमतात. मातीचे उंचवटे, दगड, झुडपे यांचे रणांगण करतात आणि रेडिओवर चालणारे छोटे रणगाडे एकमेकांवर सोडतात. सोळास एक हे त्यांचे आवडते प्रमाण. या प्रमाणात रणगाडा साधारण हातभर लांबीचा होतो. जपानच्या तामिया कंपनीने १९७४ साली शर्मन रणगाड्याची अशी प्रतिकृती बाजारात आणली, आणि हा छंद पसरायला मोठी मदत झाली. आपल्याकडे या खेळाचे जवळचे नातलग म्हणजे पवईच्या आयआयटीतील टेकफेस्टमध्ये होणाऱ्या यंत्रमानवांच्या झुंजी.

असा रणगाडा वळतो कसा, हे श्रीगोंद्याच्या मुलांना समजावणे सोपे आहे. उसाच्या शेतात ट्रॅक्टर जागच्या जागी वळवताना चालक एकाच बाजूचा ब्रेक दाबतो. ते चाक थांबते, दुसरे फिरत राहते आणि ट्रॅक्टर थांबलेल्या चाकाभोवती वळतो. रणगाड्याचेही तेच. डावा पट्टा थांबवला की गाडी डावीकडे वळते. छोट्या प्रतिकृतीत दोन पट्ट्यांना दोन मोटरी असतात. म्हणजे हुकूम मोजकेच लागतात: ही मोटर चालू, ती बंद, मनोरा फिरव, तोफ डाग. खरी अडचण हुकूम देण्याची नसून तो हुकूम नेमक्या रणगाड्यानेच ऐकण्याची आहे.

ही अडचण अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. १८९५च्या सुमारास जगदीशचंद्र बसू यांनी कोलकात्यात विद्युतचुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारूही उडवून दाखवली. दूर बसून तारेविना काम करवून घेण्याचा हा आरंभीचा प्रयोग. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी बोट चालवून दाखवली. बोटीवर माणूस नव्हता की तिला तार जोडलेली नव्हती. या युक्तीचे पेटंटही त्यांना त्याच वर्षी मिळाले. प्रत्येक स्पंद आला की बोटीतली एक तबकडी एक घर पुढे सरके आणि त्यानुसार सुकाणू किंवा पंखा काम करी.

पण तबकडीला स्पंद कोणी पाठवला हे कळण्याचा मार्ग नव्हता. शेजारी दुसऱ्या कोणी ठिणगी पाडली असती, तर तिने तोही हुकूम मानला असता. हा धोका किती खरा होता, ते १९०३ साली लंडनमध्ये दिसले. मार्कोनी यांचा बिनतारी संदेश रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या श्रोत्यांना दाखवला जाणार होता. तेवढ्यात नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराने जवळच्याच जागेवरून स्वतःचे संदेश सोडले आणि व्याख्यानाच्या यंत्रावर टिंगल उमटू लागली. लहर हवेत सोडली की ती सगळ्यांची होते, हा धडा सर्वांना मिळाला.

टेस्ला यांना हे आधीच उमगले होते. १९०० साली अर्ज केलेल्या त्यांच्या पेटंटांत उपाय आहे: एकाऐवजी दोन किंवा अधिक वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरी पाठवायच्या आणि त्या सगळ्या मिळाल्या तरच यंत्राने काम करायचे. तिजोरीला दोन किल्ल्या असाव्यात तसे. दुसऱ्या महायुद्धात हीच चिंता पुन्हा पुढे आली. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ साली पाणतीराच्या रेडिओ नियंत्रणासाठी एक पेटंट घेतले. पाठवणारा आणि ऐकणारा या दोघांनी ठरलेल्या क्रमाने एकाच वेळी वारंवारता बदलत राहायची. हा क्रम स्वयंचलित पियानोच्या भोके पाडलेल्या कागदी गुंडाळीवर नोंदवायचा, आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ वारंवारता वापरायच्या. शत्रूला क्रम ठाऊक नसेल, तर तो गोंधळ घालणार कसा? अमेरिकी नौदलाने ती कल्पना त्या युद्धात वापरली नाही.

छंदमंडळांच्या मैदानात हाच इतिहास लहान प्रमाणात घडला. पूर्वी बहुतेक खेळणी आणि प्रतिकृती २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या मोजक्या वारंवारतांवर चालत. सहा वारंवारतांना सहा रंग ठरलेले होते आणि अँटेनाला त्या रंगाची फीत बांधत. दोघांनी एकाच रंगावर यंत्र सुरू केले, तर एकाच्या हुकमाने दुसऱ्याचा रणगाडा धावे. म्हणून मैदानाच्या कडेला एक फळा असे आणि त्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असत. ज्याच्या हातात त्या वारंवारतेचा चिमटा, त्यानेच ट्रान्समीटर सुरू करायचा. नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. त्यांत प्रत्येक ग्राहकाला आपल्या ट्रान्समीटरची खूण आधीच शिकवलेली असते, आणि बऱ्याच संचांत वारंवारताही सतत बदलत राहते. चिमट्यांची गरज संपली. भारतात २७ आणि २.४ या दोन्ही पट्ट्यांतील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ साली परवान्यातून सूट मिळाली.

दुसरा प्रश्न, नेम लागला हे ठरवायचे कसे? वेल्स यांचा सैनिक आडवा पडे, त्यामुळे वाद नव्हता. छोटे रणगाडे मात्र गोळ्याऐवजी अवरक्त किरण सोडतात. दूरचित्रवाणीचा रिमोटही तेच करतो. पण मैदानात ऊन असते आणि सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. मग रणगाड्याला सूर्याचाच मार का लागत नाही? कारण तोफेचा किरण सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि ग्राहक फक्त लुकलुकणाराच प्रकाश मोजतो. आठवडी बाजाराच्या कल्लोळात ओळखीच्या विक्रेत्याची ठेक्यातली हाळी आपल्याला वेगळी ऐकू येते, तसेच हे आहे. तरीही कडक उन्हात ग्राहक दिपतो आणि पल्ला घटतो. मार बसला की रणगाडा क्षणभर थबकतो, पुढे मंदावतो आणि ठरलेले मार पुरे झाले की बंद पडतो. हलका रणगाडा लवकर बाद होतो. जड रणगाडा जास्त मार सोसतो, पण त्याची तोफ पुन्हा भरायला वेळ जास्त लागतो. १९८०च्या सुमारास अमेरिकी सैन्याने सरावासाठी जी लेसरची पद्धत सुरू केली, तिचेही तत्त्व हेच.

खऱ्या रणांगणावर काय झाले? सोव्हिएत सैन्याने फिनलंडविरुद्धच्या १९३९-४०च्या हिवाळी युद्धात रेडिओवर चालणारे रणगाडे वापरले. मागून येणाऱ्या दुसऱ्या रणगाड्यात बसून माणूस बटणे दाबी. अंतर पाचशे ते दीड हजार मीटर. पण एवढ्या दुरून पुढचा खड्डा किंवा दगड नीट दिसत नसे. जर्मनांनी १९४२पासून ‘गोलियाथ’ नावाची कंबरेएवढीही उंच नसलेली, स्फोटके भरलेली पट्ट्यांची गाडी वापरली. तिला मागून तार जोडलेली होती, त्यामुळे हुकूम चोरीला जाण्याची भीती नव्हती. पण तार तोडली की गाडी जागीच थांबे, आणि १९४४च्या उठावात वॉर्सातल्या लोकांनी तेच केले. आपल्याकडे पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित गाडा तयार केला. तो बाँब शोधून निकामी करण्यासाठी आहे आणि २०११ साली सैन्याला मिळाला. जेथे माणसाने जाऊ नये तेथे त्याने जायचे, हा त्यामागचा विचार. चेन्नईजवळच्या आवडीतील संस्थेने २०१७ साली ‘मंत्रा’ हे विनाचालक चिलखती वाहन दाखवले.

वर्गासाठी या इतिहासाचा एक बिनखर्ची खेळ करता येतो. मैदानावर मुलांच्या जोड्या करा. जोडीतल्या एकाचे डोळे बांधा, तो रणगाडा. दुसरा रेषेबाहेर उभा राहून फक्त टाळ्यांनी हुकूम देईल: एक टाळी पुढे, दोन डावीकडे, तीन उजवीकडे, चार थांब. आधी एकच जोडी सोडा, सगळे सुरळीत होईल. मग पाच जोड्या एकदम सोडा. गोंधळ पाहून मुले पोट धरून हसतील. हसू ओसरले की विचारा, आता काय करायचे? कोणी पाळीपाळीने म्हणेल, तो चिमट्यांचा फळा. कोणी टाळीऐवजी शिट्टी किंवा दगडावर दगड म्हणेल, ती वेगळी वारंवारता. कोणी आधी शिट्टी आणि मग टाळी म्हणेल, त्याने टेस्ला यांचे पेटंट पुन्हा शोधले असे खुशाल सांगा. याला जोड म्हणून रिमोटचा पुढचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बऱ्याच कॅमेऱ्यांत जांभळट लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहा.

शेवटी पुन्हा नगरला येऊ. १७ पूना हॉर्स या पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात बसंतरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला मार बसून आग लागली. रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा हुकूम रेडिओवरून आला. हुकूम त्यांच्यासाठीच होता आणि स्पष्ट ऐकूही आला होता. पण आपण निघालो तर शत्रू येथूनच आत घुसेल हे त्यांना दिसत होते आणि तोफ अजून चालत होती. ते थांबले, लढले आणि तेथेच पडले. वय २१ वर्षे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

हुकूम नेमका पोहोचावा म्हणून माणसाने सव्वाशे वर्षे खटपट केली, आणि त्यात त्याला पुष्कळ यश आले. मैदानावरचा छोटा रणगाडा आज मालकाखेरीज कोणाचे ऐकत नाही, आणि मालकाचे न ऐकणे त्याला माहीतच नाही. खेतरपालांनी ऐकून, विचार करून, न मानण्याचे ठरवले. पुढच्या सहलीत ‘हा रिमोटवर चालतो का’ असे कोणी विचारले, तर उत्तराआधी त्या मुलालाच विचारावे, ‘चालला असता, तर त्या दिवशी काय झाले असते?’