चिन्हांचे वाचन आणि अर्थबोध : फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधील क्रियाचिन्हांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
चिन्ह छापील पानावरून सर्वत्र पोहोचते. त्याचा उच्चार मात्र बहुधा शिक्षकाच्या मुखातून पुढे जातो. मराठी शाळांत अधिक, वजा, गुणिले, भागिले, बरोबर हे उच्चार रूढ आहेत. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे फलनांच्या जोडणीतून आज्ञावली रचण्याच्या पद्धतीत, क्रियाचिन्हांना असे स्थैर्य लाभलेले दिसत नाही. त्याची कारणे प्रस्तुत लेखात तपासली आहेत.

ऐतिहासिक विकास :
जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेचे काम सुरू केले. यादीचे दोन भाग काढून घेणाऱ्या क्रियांना तेथे 'कार' व 'कुडर' म्हणत. आयबीएम ७०४ यंत्राच्या रचनेवरून आलेली ही आद्याक्षरे दुर्बोध होती, परंतु उच्चारता येत होती. यादीच्या आरंभी घटक जोडणारी क्रिया 'कॉन्स' होय.

पुढे नावाची जागा चिन्हाने घेतली. स्टँडर्ड एमएलमध्ये '::' हे 'कॉन्स' ठरले. डेव्हिड टर्नर यांच्या मिरांडा (१९८५) भाषेत व तिच्या प्रभावातून आलेल्या हॅस्केल (१९९०) भाषेत ते काम ':' कडे आले, आणि '::' चे वाचन 'याचा प्रकार असा' असे झाले. चिन्ह बदलले, उच्चार टिकला. आणि तेच चिन्ह दुसऱ्या भाषेत वेगळे वाचले जाऊ लागले. त्यातच हॅस्केलने आज्ञावलीकारास स्वतःची क्रियाचिन्हे घडविण्याची मुभा दिली. त्यांचे लेखन नियमबद्ध आहे, वाचन नाही.

अध्यापनातील महत्त्व :
युजेनिओ मोग्गी (१९८९) यांची मोनाड संकल्पना फिलिप वॅडलर यांनी या क्षेत्रात रुजविली. तिच्यातील '>>=' चा रूढ उच्चार 'बाइंड' असा आहे; पहिल्या क्रियेचे फलित पुढील फलनास बांधून देणे, हा त्याचा आशय. तेच चिन्ह 'मोठे, मोठे, बरोबर' असे वाचल्यास विद्यार्थ्याच्या मनात तुलनेची कल्पना उभी राहते. दृष्टिहीन विद्यार्थ्यास तर संगणकाच्या आवाजातून केवळ आकारांची नावेच ऐकू येण्याची शक्यता असते. उलट '=' चे 'बरोबर' हे आपले वाचन येथे यथार्थ ठरते. सी भाषेत ते चिन्ह मूल्य साठविण्याची आज्ञा देते. हॅस्केलच्या व्याख्येत मात्र दोन्ही बाजू खरोखरच समान असतात.

निष्कर्ष :
उच्चार हा चिन्हाच्या अर्थाचाच एक भाग आहे. म्हणून फळ्यावर नवे चिन्ह लिहिताना त्याचे वाचन व त्यामागील क्रिया एकत्र सांगणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.