गाडी सुरू का होत नाही? : एका प्रश्नाचा इतिहास

पुण्याच्या गॅरेजांत एक तक्रार नेहमी ऐकू येते. जुनी पिक-अप गाडी क्लचच्या किंवा डिझेल पंपाच्या कामासाठी आली तेव्हा चालत आली होती. काम झाले, सगळे भाग जागच्या जागी बसले, आणि आता ती सुरू होत नाही. गिऱ्हाईक म्हणते, काहीतरी नवीनच बिघडले. अनुभवी मिस्त्री मात्र आधी विचारतो, ‘काय काय खोललं होतं?’ हा प्रश्न विज्ञानाच्या शिस्तीतला आहे. जे बदलले तेथेच कारण असण्याचा संभव सर्वांत जास्त. पण खोललेल्या भागांपैकी संशय कोणावर घ्यायचा, हे कळण्यासाठी इंजिन मुळात सुरू कसे होते ते पाहावे लागते, आणि त्याचा इतिहास मोठा रंजक आहे.

इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. त्याला पहिला फेरा दुसऱ्या कोणीतरी द्यावा लागतो. मोटारींच्या आरंभकाळी हे काम माणसाचा दंड करी. पुढच्या बाजूने हँडल घालून फिरवायचे; प्रज्वलन वेळेआधी झाले तर हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे. 1947 नंतर मुंबईत महिंद्रांनी जोडलेल्या विलीज जीपनाही हँडलची सोय होती. चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन अभियंत्याने ह्यावर उपाय काढला. त्याने पूर्वी दुकानातील गल्लायंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच चालते, म्हणून लहान मोटरीवर तेवढ्यापुरता भलताच भार टाकला तरी ती जळत नाही. हेच तत्त्व त्याने इंजिनाला लावले आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेचा ‘सेल्फ’ आला. क्षणभर का होईना, पण प्रचंड विद्युतधारा, ही सेल्फची खूण आहे. ती लक्षात ठेवू या.

डिझेल इंजिनाचा प्रश्न आणखी अवघड होता. त्यात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेनेच फवारलेले तेल पेटते. संपीडन गुणोत्तर 20 धरले आणि हवेचे तापमान 300 केल्विन असेल, तर भिंतींतून उष्णता मुळीच निसटली नाही असे मानून हिशेब सुमारे 990 केल्विनचा, म्हणजे 700 अंश सेल्सिअसच्या वर जातो. प्रत्यक्षात थंड इंजिन सावकाश फिरत असताना बरीच उष्णता धातूत मुरते. म्हणून सेल्फ मंद फिरला की डिझेल पेटत नाही, आणि म्हणूनच अशा अनेक इंजिनांत ज्वलनापूर्वी तापणारे हीटर प्लग बसवलेले असतात.

रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची प्रसिद्ध चाचणी 1897 मध्ये ऑग्जबुर्गला झाली. त्यात तेल फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि त्यासाठीचा अवजड संपीडक गाडीवर चढवणे अशक्यच होते. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून 1927 मध्ये तेलच दाबून फवारणारे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले, तेव्हा डिझेल खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले.

पुण्याचा ह्या इतिहासाशी संबंध जुना आहे. खडकीला 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. 1958 मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोच्या गाड्यांनी तर ‘टेम्पो’ हे नावच मराठीत सामान्यनाम करून टाकले. टेल्कोचा पुण्याचा कारखाना 1966 चा. तेथून 1986 मध्ये 407 हा छोटा ट्रक आणि 1988 मध्ये टाटामोबाइल 206 ही डिझेल पिक-अप आली. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची सवय असलेल्या शेतकऱ्याला ह्या गाड्यांची निम्मी विद्या आधीच अवगत होती, असे आम्हांला वाटते. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन चालत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

आता मूळ तक्रारीकडे वळू. डिझेल फिल्टर किंवा पंप खोलला असेल तर पहिला संशय ह्या हवेवरच. वर्गात हे दाखवायला सुई काढलेली एक सिरिंज पुरे. पाणी भरून तोंडावर अंगठा दाबा; दांडा हलत नाही. हवा भरून तेच करा. दांडा सहज आत जातो आणि सोडला की परत येतो. पंपात नेमके असेच होते. नोझल उघडायला वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. बॉइलच्या नियमाने तेवढ्यासाठी हवेचे आकारमान शंभराव्या हिश्श्याहूनही कमी व्हायला हवे, आणि दट्ट्याची धाव तेवढी नसते. मग सेल्फ जोरात फिरतो, पण धुराचा मागमूस नसतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. मिस्त्री ह्याला ‘एअर काढणे’ म्हणतात. ज्या पंपावर डिझेल तोडणारी विजेची झडप असते, तिची तार जोडायची राहिली तरी लक्षणे हीच. किल्ली फिरवताच झडपेचा बारीक ‘टक’ आवाज येतो का, तो कान देऊन ऐकावा.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला असेल तर संशय दुसरीकडे जातो. इंजिन रबराच्या टेकूंवर बसते आणि रबर हा विद्युतरोधक आहे. म्हणून इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याची जाड पट्टी जोडलेली असते. ती लावायची राहिली किंवा गंजलेल्या पृष्ठभागावर आवळली, तर दिवे लख्ख लागतात, भोंगा वाजतो, पण सेल्फ नुसता कण्हतो. सांध्याचा रोध 0.03 ओहम म्हणजे नगण्यच. पण सेल्फला लागणारी 200 अँपिअर धारा त्यातून न्यायची तर 6 व्होल्ट, म्हणजे बॅटरीचा निम्मा दाब, तेथेच खर्च होईल. दिव्याच्या 5 अँपिअरला तोच सांधा फक्त 0.15 व्होल्ट खातो. म्हणून दिवे पाहून बॅटरीची आणि तारांची परीक्षा करणे फसवे आहे. पट्टी अजिबातच नसेल तर धारा दुसरी वाट शोधते आणि ॲक्सिलरेटरची तार तापून धूर येतो! परीक्षा सोपी आहे. व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून बरेच अधिक दिसले तर दोष अर्थिंगचा. सेल्फ न मारता घेतलेले मापन येथे निरुपयोगी. धाराच नाही तर व्होल्टपात कुठला?

मापक नसेल तेव्हा गॅरेजातली पोरे गाडी ढकलतात, आणि तीही एक परीक्षाच आहे. अर्थिंग सैल असेल तर उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच गाडी सुरू होते, कारण सेल्फचे काम चाकांनी केलेले असते. नळीत हवा असेल तर मात्र कितीही ढकलली तरी ती सुरू होणार नाही.