सुट्टीच्या दिवशीचा बोईसर बाजार

आठवडाभर पाड्यावरच्या मुलांना शिकवायचं आणि सुट्टी मिळाली की पिशवी घेऊन बोईसरचा बाजार गाठायचा, ही माझी स्वयंसेवक म्हणून लागलेली सवय. मे महिन्यात तिथे पावसाळ्याच्या बेगमीची गर्दी असते. सुका जवळा, बोंबील, मांदेली. शेजारी वारली बायकांची सुपं, टोपल्या आणि वाळलेली मोहाची फुलं.

"ताई, मोडून बघा. कट्‌कन मोडला तर सुका," बोंबील पुढे करत कोळीणबाई म्हणाल्या.

समुद्राचा माल आणि रानाचा माल असा एकाच बाजारात येतो. या भागातली ये-जाही जुनीच. इथून जवळच्या चिंचणीला सापडलेला राष्ट्रकूट ताम्रपट शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६चा. त्यात उत्तरेकडच्या संजाण बंदराचा कारभार पाहणारा मधुमती हा अरब अधिकारी भेटतो. त्याने नदीवर फुकट नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातलं. वाटसरूची सोय झाली, की व्यापाराचीही होतेच.

पुढे पोर्तुगीज आले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने त्यांच्याकडून शेजारच्या तारापूरचा किल्ला घेतला. १९६९ मध्ये तारापूरलाच अणुवीज केंद्र सुरू झालं, मग कारखाने आणि त्यांच्यामागून बाहेरचे कामगार आले. आता बाजारात हिंदी आणि भोजपुरीही कानावर पडते.

मी पाव किलो जवळा घेतला. कोळीणबाईंनी वर मूठभर टाकला. तराजू बदलले, पण वरची मूठ अजून आहे.