कोयता : पात्याची आणि मापाची कुळकथा

पुणे–सोलापूर महामार्गावरील पाटस येथे, भीमा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, गळीत हंगामात ‘कोयता’ या शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी चालतात : पहिला उसाच्या बुडख्यावर पडणाऱ्या पात्याचा आणि दुसरा ते पाते चालवणाऱ्या जोडप्याचा. हातघडीच्या पात्याचे मोल कसे ठरते हे समजून घ्यायचे तर या दोन्ही अर्थांचे कूळ एकत्रच शोधावे लागते.

शब्द जुना आहे. ‘कापणे’ या अर्थाचा ‘कोय्’ हा धातू द्राविड भाषांत दूरवर पसरलेला असून कन्नडातील ‘कोय्लु’ आणि मल्याळममधील ‘कोय्त्तु’ हे दोन्ही शब्द पिकाच्या कापणीचेच आहेत. त्यामुळे मराठी कोयत्याला त्याच कुळात बसवणे सयुक्तिक ठरते.

वस्तूचे कूळ मात्र गावच्या भात्यापाशी सापडते. बलुतेदार लोहार, आणि गावोगाव पाल ठोकून ऐरण मांडणारे घिसाडी, हे हत्यार घडवत आले आणि बोथटले की ‘शेवटत’ आले, म्हणजे तापवून, ठोकून पुन्हा धारेवर आणत आले. मालमोटारी आल्यावर त्यांच्या कमानीचे मोडके पाटे लोहाराला आयते मिळू लागले. या पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो, आणि ते लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले, म्हणजेच त्याला ‘पाणी दिले’, की कठीण होते. परंतु तेवढ्यावर थांबल्यास ते काचेसारखे तडकते, म्हणून पुन्हा हलके तापवून उतरवावे लागते, आणि ही वेळ लोहार पात्यावर चढत जाणाऱ्या पिवळ्या, जांभळ्या, निळ्या छटांवरून ओळखतो. कोयत्याची खरी परीक्षा या क्षणी होते, पुढे दुकानात नव्हे.

जपानी हातघडीच्या सुऱ्यांशी तुलना येथे उपयोगी पडते. ओसाकाजवळील साकाई येथे मऊ लोखंडाच्या पाठीला कठीण पोलादाची धार जोडतात. ‘शिरोगामी’, म्हणजे पांढरा कागद, या नावाच्या पोलादात १ टक्क्याहून अधिक कार्बन असतो. अशी धार अतिशय बारीक होते आणि टिकतेही, पण हाडावर किंवा खड्यावर पडल्यास तिचे तुकडे उडतात. उसात साखर बुडाकडे अधिक असल्याने तोड मातीलगत घ्यावी लागते आणि तेथे खडे असतातच. तेव्हा कोयत्याची धार उडण्यापेक्षा किंचित वळलेली परवडते, कारण ती कानशीने फडातच सरळ करता येते. म्हणून मासा पातळ चिरणारी सुरी श्रेष्ठ आणि कोयता ओबडधोबड, हा निवाडा चुकीचा आहे. प्रत्येक पाते आपापल्या कामावर जोखले पाहिजे, आणि त्या कसोटीवर चांगला कोयता कोठेही उणा पडत नाही.

मानाच्या बाबतीत मात्र दोघांचे नशीब वेगळे निघाले. साकाईच्या तंबाखू कापणाऱ्या सुऱ्यांना तोकुगावा राजवटीत गुणवत्तेचा शिक्का मिळाला आणि कारागिराचे नाव किमतीचा भाग झाले; येथे नाव मिळाले ते हत्याराला, आणि तेही माणसांचे माप म्हणून. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर राज्यात कारखाने वाढत गेले, तसे बीड, अहमदनगरच्या कोरडवाहू भागांतून तोडणीच्या टोळ्या हंगामी येऊ लागल्या. पुरुष तोडतो, स्त्री वाढे काढून मोळी बांधते, अशी ही जोडी म्हणून तिचा हिशेब एकत्र लागला. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, माणशी न ठरता ‘कोयत्याला’ ठरली. मजुरीही टनावर, म्हणजे धारेच्या आणि दोन देहांच्या एकत्रित वेगावर.

या हिशेबात स्त्रीचे श्रम कोयत्याच्या नावात बुडून गेले, आणि ही या शब्दाच्या प्रवासातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि एकटा येणारा मजूर अर्धा कोयता.